कांद्यालाही श्वास लागतो

मी मालेगाव तालुक्यातला कांदा उत्पादक. आज बोलायचंय चाळीतल्या हवेबद्दल.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ कांदा चाळीत भरताना वाटलं, जागा आहे ना, टाका अजून. थर 6 फुटांवर गेला. श्रावणात वास सुटला. वरचा कांदा ठणठणीत, पण आत हात घातला तर गरम आणि ओला! निम्मा माल उकिरड्यावर गेला. नेमका तेव्हाच भाव चढला होता.

असं का झालं? कांदा काढल्यावरही जिवंत असतो. श्वास घेतो, उष्णता नि पाणी सोडतो. ती वाफ अडकली की सड लागते. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि फटींचा हवा. गार हवा खालून शिरते, गरम वरून निघते. थराची रुंदी 4 फूट, उंची 4 ते 5 फूट, बस्स. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधा, दुपाखी पूर्व-पश्चिम. पत्रा तापतो, त्यावर पाचट टाका. पावसाची झड आली की बाजू झाका, पण उघडीप मिळताच पुन्हा मोकळ्या करा. आणि ओल्या मानेचा कांदा चाळीत घालूच नका, आधी सावलीत 10-12 दिवस सुकवा.

यंदा आम्ही साडेचार फुटांवर थांबलो. उरलेला माल लगेच विकला. वडील म्हणाले, “एवढी जागा मोकळी का सोडली?” म्हटलं, “दादा, ती हवेसाठी.”

तुमच्या चाळीचा थर किती, एकदा टेप लावून बघा. भेटूया, राम राम.