मोटारीचा पंखा फिरत नाही : दोष कोठे शोधावा?

(शेतकरी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रॅक्टरच्या देखभालीविषयी आपण अशा मेळाव्यांतून पुष्कळ ऐकले आहे. परंतु आता वस्तीवस्तीवर चारचाकीही आली आहे. कोणाकडे जुनी व्हॅन आहे, कोणाकडे छोटी कार आहे. तिच्यातून दुधाचे कॅन जातात, भाजीचे क्रेट जातात आणि वेळप्रसंगी रात्री घरचे माणूस दवाखान्यातही न्यावे लागते. म्हणून या गाडीच्या एका लहानशा भागाविषयी बोलण्याचे मी ठरविले. तो भाग म्हणजे रेडिएटरमागचा विजेचा पंखा.

माझे थोरले बंधू जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतात. त्यांच्या जुन्या पेट्रोल व्हॅनचा पंखा बंद पडला. फिटरने मोटर बदलली. आठ दिवस पंखा चालला आणि पुन्हा थांबला. मग थर्मोस्विच बदलला, तरी तेच. तिसऱ्या वेळी वीस क्रेट भरून ते नारायणगावच्या बाजारात निघाले. हायवेला काटा मध्यावर होता. बाजाराच्या दारात रांगेत गाडी अर्धा तास उभी-चालू, उभी-चालू होत राहिली, काटा वर चढला, वाफ निघाली आणि हेड गॅस्केट गेले. माल दुसऱ्याच्या टेम्पोतून आत पोहोचेपर्यंत बाजार उतरला होता. मागाहून सापडलेला दोष किती रुपयांचा होता, ते पुढे सांगतो.

प्रथम पंख्याचे काम समजून घेऊ. ट्रॅक्टरचा पंखा बेल्टवर असतो, इंजिन फिरले की तोही फिरतो. बहुतेक छोट्या कारमध्ये इंजिन आडवे बसविलेले असते, त्यामुळे त्याची पुली रेडिएटरकडे नसून बाजूला असते. काही व्हॅनमध्ये तर इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे असतो. तेथे बेल्टवरचा पंखा बसत नाही, म्हणून विजेची मोटर लावतात. पाण्याचे तापमान ठराविक मर्यादेला, गाडीगाडीनुसार साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचले की पंखा सुरू होतो आणि काही अंश उतरले की थांबतो. तेव्हा सकाळी थंड इंजिन सुरू करून ‘पंखा फिरत नाही’ अशी तक्रार करू नये. तो तेव्हा फिरायचाच नसतो.

यातूनच निदानाची पहिली खूण मिळते. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याची गरज फारशी पडत नाही. त्यामुळे हायवेला काटा ठीक आणि रांगेत, वजनकाट्यावर किंवा रहदारीत काटा वर, असे असेल तर पंख्याचा संशय घ्यावा. हायवेलाही गाडी तापत असेल तर पंख्यामागे न लागता पाणी, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि चोंदलेला रेडिएटर पाहावा.

हात लावण्यापूर्वी दोन धोके सांगतो. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. झाकण दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो, पाणी एकदम उकळते आणि तोंडावर येते. निदान पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नये, हेड तडकते. दुसरा धोका असा की काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. पात्यांत हात घालायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी.

आता शोध. गाडी थंड असताना झाकण काढून प्रत्यक्ष रेडिएटरमधले पाणी पाहावे. बाजूच्या बाटलीत पाणी दिसते म्हणून फसू नये, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असे होऊ शकते. पाणी कमी असले तर थर्मोस्विच पाण्यात न राहता हवेत राहतो, इंजिन तापते आणि त्याला मात्र ते नीट कळत नाही. आपल्याकडे बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतण्याची सवय आहे. तो क्षार स्विचच्या टोकावरही बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरणे त्या मानाने स्वस्त पडते.

नंतर फ्यूज. तो उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. पुन्हा उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कोठेतरी बॉडीला लागते आहे, असे समजावे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणारे मी पाहिले आहेत. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते, कधी गाडीही. फ्यूज चांगला दिसला तरी त्याची बैठक वितळली आहे का, तेही पाहावे.

आता मोटर. बॅटरी सोडून पाते हाताने फिरवून पाहावे, ते मोकळे फिरले पाहिजे. मग मोटरचा प्लग काढून बॅटरीपासून दोन वायरी थेट मोटरला द्याव्यात, प्लसच्या वायरीत फ्यूज अवश्य घालावा, आणि हात व कपडे दूर ठेवावेत. पंखा जोरात फिरला तर मोटर चांगली. फिरला नाही, किंवा पात्याला टिचकी दिल्यावरच फिरला, तर आतले कार्बन झिजले असण्याचा संभव मोठा. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. ती न करता मोटर बदलणे म्हणजे विहिरीत पाणी आहे की नाही हे न बघता पंप बदलणे होय. माझ्या बंधूंच्या बाबतीत नेमके हेच झाले.

मोटर चांगली निघाली तर थर्मोस्विचकडे वळावे. तो रेडिएटरवर किंवा थर्मोस्टॅटच्या आसपास असतो. जुन्या गाड्यांत चावी चालू ठेवून त्याची वायर काढावी. दोन वायरी असतील तर त्या एकमेकींना जोडाव्यात, एकच असेल तर ती बॉडीला टेकवावी. पंखा सुरू झाला तर पुढचे सारे ठीक असून दोष स्विचचा. शेजारीच काट्याचा सेन्सर असतो, चुकून त्याची वायर टेकवली तर पंख्याऐवजी काटा वर जातो, म्हणजे आपण चुकीच्या वायरीवर आहोत. काढलेला स्विच गरम पाण्याच्या भांड्यात टोकापुरता बुडवून, थर्मामीटर ठेवून, तो कितीला जोडतो हेही पाहता येते.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना मात्र ही रीत लावू नये. तेथे सेन्सरची खबर कॉम्प्युटरला जाते आणि तो रिलेमार्फत पंखा चालवितो. त्या वायरी जोडणे किंवा त्यांना दिवा लावणे म्हणजे महागाचा कॉम्प्युटर धोक्यात घालणे. अशा अनेक गाड्यांत सेन्सरचा प्लग काढून इंजिन सुरू केले की सुरक्षेसाठी पंखा आपोआप चालू होतो. ए.सी. असल्यास तो लावून पाहावा. त्याने हाच पंखा सुरू झाला तर मोटर आणि तिचा सप्लाय ठीक आहे, दोष तापमान कळविणाऱ्या बाजूला शोधावा.

रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा चौकोनी डबा. शेजारी तसाच, तेवढ्याच पिनांचा आणि त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असला तर अदलाबदल करून पाहावी, यात खर्च काहीच नाही. रिलेवर बोट ठेवल्यावर टक असा ठोका जाणवला तर आतली कॉइल चालते. परंतु ठोका आला म्हणजे रिले चांगला, असे नव्हे. आतले पॉइंट जळलेले असू शकतात.

आता जेथे बहुतेकांची फसगत होते, तो भाग सांगतो. वायरमन टेस्ट लॅम्प घेतो, मोटरच्या प्लगला लावतो, दिवा पेटतो आणि तो म्हणतो, सप्लाय येतोय, मोटरच गेली. पण टेस्ट लॅम्पमधला बारीक बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही, पंख्याची मोटर त्याच्या कितीतरी पट घेते. कचरा अडकलेल्या पाइपातून तांब्या भरतो, त्याच पाइपावर तुषार संच लावला तर तो फिरत नाही. गंजलेल्या जोडाचे तसेच आहे. म्हणून मी हेडलाइटचा जुना बल्ब वापरतो. ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो. मोटरच्या प्लगमध्ये दोन्ही बाजूंना तो लावावा आणि पंखा चालू होण्याची स्थिती ठेवावी. लख्ख पेटला तर वायरिंगवर विश्वास ठेवता येतो. मिणमिणला तर बल्बची एक वायर प्लगमध्ये ठेवून दुसरी थेट बॅटरीला लावावी. प्लगमधली प्लस आणि बॅटरीची निगेटिव्ह यावर लख्ख पेटला तर दोष अर्थच्या वायरीत. प्लगमधली अर्थ आणि बॅटरीची प्लस यावर लख्ख पेटला तर दोष सप्लायच्या बाजूला. (हाही प्रयोग जुन्या गाड्यांच्या मोटरच्या जाड वायरींवरच करावा.)

बंधूंच्या व्हॅनला बारीक दिवा छान पेटत होता. माझा बल्ब मिणमिणला. निगेटिव्ह बॅटरीवरून घेताच लख्ख झाला. काळी वायर धरून मागे गेलो तर पुढच्या पत्र्याखाली स्क्रूने आवळलेली तिची गोल टर्मिनल गंजून पांढरी भुकटी झाली होती. नवी मोटर बसविताना वायर हलली, म्हणून आठ दिवस तिने साथ दिली. पॉलिश पेपरने पत्रा घासला, दहा रुपयांची टर्मिनल आणि नवा बोल्ट लावला, वर ग्रीस दिले. पंखा फिरला. गॅस्केटचा खर्च अर्थात त्याने परत आला नाही.

वायर तुटण्याचे आणखी एक कारण आपल्याकडे हमखास असते, ते म्हणजे उंदीर. धान्याच्या खोलीशेजारी गाडी लावली की ते उबेला इंजिनात येतात आणि वायरी कुरतडतात.

मघाशी एका शेतकरी बंधूंनी विचारले, साहेब, पंखा डायरेक्ट करून दिला तर? घरी पोहोचण्यापुरते, फ्यूज घालून, जरूर करावे. कायमचे करू नये. रिलेवाचून साधा स्विच लावला तर तो तापून वितळतो. स्विच लावायला विसरलात तर इंजिन जाते, बंद करायला विसरलात तर सकाळी बॅटरी उतरलेली असते. काही जण त्याबरोबर थर्मोस्टॅटही काढून टाकतात. मग इंजिन थंडच चालते आणि पेट्रोल जास्त पिते.

दुरुस्तीनंतर गाडी जागेवर चालू ठेवून काट्याकडे पाहत बसावे. पंखा आपोआप लागला पाहिजे, थोड्या वेळाने आपोआप थांबला पाहिजे आणि पुन्हा लागला पाहिजे. असे दोन वेळा झालेले पाहावे आणि मगच क्रेट भरावेत.