एक काम चालू असताना दुसरे



आपली पुष्कळ मुले डिप्लोमा करून मुंबईत किंवा आखातात बांधकामावर जातात. तेथे कामांचे वेळापत्रक संगणकावर आखले जाते आणि त्याच्याशी त्यांची लवकरच गाठ पडते. त्यातील एकाच गोष्टीविषयी मी बोलणार आहे. पहिले काम पुरे होण्याआधी त्यावर अवलंबून असलेले दुसरे काम सुरू करायचे असेल, तर ते संगणकाला कसे सांगावे?

हे शास्त्र फार जुने नाही. आडव्या पट्ट्यांचे तक्ते हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ केले. कोणते काम कोणावर अडले आहे याचे गणित १९५७ च्या सुमारास ड्यू पाँ या रसायन कंपनीच्या कामातून पुढे आले. आजचे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट व प्रायमाव्हेरा त्याच गणितावर चालतात.

उदाहरणादाखल एका वस्तीची नळयोजना घ्या. ६०० मीटर चर खोदायचा, त्यात पाइप टाकायचे, सांधे तपासून चर बुजवायचा. प्रत्येक काम दिवसाला ६० मीटर, म्हणजे दहा-दहा दिवसांचे. एकामागून एक केले तर तीस दिवस लागतात. मे महिना संपत आला असेल तर हे परवडणारे नाही. पाऊस सुरू झाला की उघडा चर ढासळतो आणि बायाबापड्यांच्या डोक्यावरचा हंडा आणखी काही महिने उतरत नाही. पण सगळा चर खोदून होईपर्यंत पाइप टाकणाऱ्यांनी थांबावे कशाला? खोदाई दोन दिवस पुढे गेली की त्यांनी मागून निघावे, त्यांच्यामागून दोन दिवसांनी बुजवणाऱ्यांनी. काम चौदा दिवसांत आटोपते.

संगणकाला आपण काही सांगितले नाही तर तो ‘पहिले संपले की दुसरे’ असाच दुवा धरतो. त्याला ‘फिनिश-टू-स्टार्ट’ म्हणतात. त्यातच आठ दिवस वजा करून दुसरे काम अलीकडे ओढता येते. ही झाली ‘लीड’. मला ही रीत पटत नाही. खोदाईचा शेवट अजून झालेलाच नाही, आणि आपण त्यावरून उलटे मोजून पाइपवाल्यांना बोलावतो!

दुसरी रीत ‘स्टार्ट-टू-स्टार्ट’ दुव्याची. पहिले सुरू झाले की दोन दिवसांच्या अंतराने दुसरे सुरू. या अंतराला ‘लॅग’ म्हणतात. पुष्कळजण येथेच थांबतात, आणि फसगत येथेच होते. समजा, तिसऱ्या दिवशी कातळ लागला आणि खोदाई दिवसाला ३० मीटरवर आली. आता खोदाईला अठरा दिवस लागणार. पण दुवा फक्त आरंभाशी बांधलेला आहे. त्यामुळे पाइपची पट्टी जागची हलत नाही, ती बाराव्या दिवशीच संपते. त्या दिवशी जमिनीत चर असतो ४२० मीटर, आणि तक्त्यात पाइप पडलेले असतात ६०० मीटर! साहेब कचेरीत तक्ता पाहून खूष, आणि पाइपवाले बसल्या जागी रोजंदारी घेत आहेत.

यावर उपाय असा की शेवटालाही दुवा द्यावा: खोदाई संपल्यावर दोन दिवसांच्या आत पाइपचे काम संपू नये. हा ‘फिनिश-टू-फिनिश’. मग पाइपचा शेवट विसाव्या दिवसावर जातो, म्हणजे तक्ता निदान खरे बोलतो. प्रायमाव्हेरात एकाच जोडीला हे दोन्ही दुवे देता येतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एका जोडीला एकच दुवा चालतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना तिसरी, जरा कष्टाची रीत सुचवीन. चराचे १२० मीटरचे पाच टप्पे करा. प्रत्येक टप्प्याचे खोदणे, पाइप टाकणे आणि बुजवणे साध्या ‘फिनिश-टू-स्टार्ट’ने जोडा. तीन ओळींच्या पंधरा ओळी होतात, हे खरे. पण लीड नको, लॅग नको. हिशेब तोच चौदा दिवसांचा येतो, आणि कातळ लागला की त्याच्या पुढचे सगळे आपोआप सरकते. मुकादमालाही ‘काम किती टक्के झाले’ असे विचारावे लागत नाही. दुसरा टप्पा खोदून झाला की नाही, एवढेच तो सांगतो.

यात एक गोष्ट मात्र नेहमी राहून जाते. पहिल्या टप्प्याचे पाइप संपल्यावरच दुसऱ्याचे, हाही दुवा द्यावा लागतो, कारण पाइप टाकणारी टोळी एकच आहे. नाहीतर दोन टप्पे एकदम तयार झाल्यास संगणक त्याच माणसांना एकाच दिवशी दोन ठिकाणी उभे करतो, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही.