पूर, पंचनामा आणि पंच

(पुणे येथील एका बुद्धविहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेकाठच्या पेठा व वस्त्या पाण्याखाली गेल्या. पुढे पूरग्रस्तांच्या 103 सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या. जे संघटित झाले, ज्यांच्यापाशी कागद होते, त्यांना आपले म्हणणे सरकारदरबारी मांडता आले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने पुन्हा माणसे नेली. म्हणजे पूर ही आपल्यासाठी केवळ इतिहासातील गोष्ट नव्हे.

वकिलीत मी एक गोष्ट पाहिली आहे. नदीकाठच्या एका वस्तीत नुकसानीची यादी, अर्ज, भाडेपावत्या हे सर्व एकाच कार्यकर्त्याच्या पेटीत होते. माणूस प्रामाणिक होता. परंतु ऐन वेळी तो अंथरुणास खिळला. पेटी उघडली तेव्हा अर्जाची मुदत टळून गेली होती. एक विधवा भगिनी मला म्हणाली, "वकीलसाहेब, पाण्यानं भांडी नेली, पण हक्क आमच्याच पेटीत बुडाला." दोष त्या माणसाचा नव्हता; सर्व भार एकावर टाकणाऱ्या आपल्या सवयीचा होता.

ही सवय आपण जुन्या धर्मातून बरोबर आणली आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला. आणि त्याच भाषणात ठराव, गणसंख्या व मतदान यांचे नियम भिक्खुसंघास ठाऊक होते, हेही सांगितले. तथागतांनी आपल्यामागे कोणी गादीचा वारस नेमला नाही. धम्म हाच शास्ता मानावा, असे सांगितले. मग आपल्या वस्तीला एकच धनी कशाला हवा?

कोणी म्हणेल, पाच जणांचे काम म्हणजे कोणाचेच नव्हे. ते खरे आहे; पण कामाची वाटणी नावानिशी झाली नाही तरच. म्हणून पाच पंच निवडा. त्यांत निदान दोन स्त्रिया असू द्या. एकाने यादी ठेवावी, दुसऱ्याने पैसा, तिसऱ्याने तलाठ्याबरोबर पंचनाम्यास हजर राहावे, चौथ्याने प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी, पाचव्याने म्हाताऱ्यांची व आजाऱ्यांची काळजी वाहावी. यादीत भाडेकरूचे नाव घाला, घरातील स्त्रीचेही घाला. तिच्या तीन प्रती तीन घरी ठेवा. दर महिन्यास वंदनेनंतर हिशेब मोठ्याने वाचा. पंच दरवर्षी बदला. पंचनामा दडवला जात असेल, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने त्याची नक्कल मागा.

हे सारे पूर येण्यापूर्वी करावयाचे आहे. पाणी दाराशी आल्यावर सभा भरत नाही.

आपण त्रिशरण घेताना तिसरे शरण संघाचे घेतो. ते ओठांवरून वस्तीच्या वहीत उतरवा, एवढीच माझी विनंती आहे.

जय भीम!