दारावरची नवी पाटी

शहरांतील वाड्यांच्या दारांवर एके काळीं पितळेच्या किंवा लाकडाच्या पाट्या असत. नांव, नांवापुढें पदवी, आणि वकील वा वैद्य असल्यास तसा एका शब्दाचा उल्लेख. एवढ्या मजकुरावरून येणारा मनुष्य आपण योग्य दारीं आलों कीं नाहीं हें ठरवीत असे. आज नोकरी देणारा मनुष्य दाराशीं येतच नाहीं. तो आपल्या कचेरींत बसून संगणकाच्या पडद्यावर माणसें शोधतो, आणि तेथें पाटी नसेल तर घरांत कितीहि विद्वान् गृहस्थ बसलेले असोत, त्याच्या लेखीं तें घर रिकामेंच.

अशा पाट्यांचा सर्वांत मोठा बाजार म्हणजे लिंक्डइन हें संकेतस्थळ. रीड हॉफमन आणि त्यांचे सहकारी यांनीं २००२ च्या अखेरीस त्याची स्थापना केली. ५ मे २००३ रोजीं तें लोकांस खुलें झालें, २०१६ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें सुमारें २६ अब्ज डॉलर मोजून तें विकत घेतलें, आणि सभासदांची संख्या एक अब्जावर गेल्याचें २०२३ सालीं जाहीर झालें. भारतांत त्याच्याहि आधीं, १९९७ सालीं, नोकरी डॉट कॉम सुरू झालें होतें. दोहोंत भेद एवढाच कीं, नोकरी डॉट कॉमकडे मनुष्य बहुधा नोकरी हवी असली म्हणजे वळतो; लिंक्डइनवरची पाटी मात्र बारा महिने टांगलेली असते, आणि मालक झोपला असतांहि ती कोणी तरी वाचीत असतें.

समजा, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यांत बावीस वर्षें मालाची गुणवत्ता तपासणारे एक गृहस्थ आहेत. कारखाना बंद पडतो. वय अठ्ठेचाळीस, मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते चालू. लिंक्डइनवर त्यांची पाटी आहे, पण ती दहा वर्षांपूर्वीं कोणा भाच्यानें उघडून दिलेली. छायाचित्र एका लग्नसमारंभांतलें; शेजारच्या माणसाला कापून काढलें, तरी त्याचा हात गृहस्थांच्या खांद्यावर तसाच राहिलेला. नांवाखालीं एकच शब्द : ‘मॅनेजर’.

नोकरी देणारा मनुष्य शोधतो तो शब्दांवरून, आणि ‘मॅनेजर’ या शब्दाला लाखों माणसें सांपडतात. नांवाखालच्या ओळींत २२० अक्षरांची सोय आहे, आणि ती ओळ नांवाच्या सोबतीनें सर्वत्र फिरते. शोधाच्या यादींत, पाठविलेल्या निरोपांत, दुसऱ्याच्या मजकुराखालीं दिलेल्या अभिप्रायांत. तेव्हां ‘गुणवत्ता व्यवस्थापक, वाहनांचे सुटे भाग, आयएटीएफ १६९४९ चे अंतर्गत लेखापरीक्षक’ असें तेथें लिहिलें, तर ज्याला नेमका असाच मनुष्य हवा आहे त्याच्या हातीं ती पाटी लागण्याचा संभव कितीतरी वाढतो. आयएटीएफ १६९४९ हें वाहनउद्योगांतील गुणवत्तेचें प्रमाण आहे. बाहेरच्याला तें परकें वाटेल, पण त्या धंद्यांतला मनुष्य शोधतांना हेच शब्द वापरतो.

खरी अडचण शब्दांची नाहीं, संकोचाची आहे. आपली आरती आपणच ओवाळूं नये, हें ज्या घरांत लहानपणापासून कानीं पडलें, तेथल्या माणसाला स्वतःविषयीं चार ओळी लिहितांना घाम फुटतो. हा संकोच कांहीं वाईट नव्हे. पण येथें त्याचें स्थान चुकतें. लिओनार्दो दा विंची यांनीं १४८२ च्या सुमारास मिलानचे सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा यांच्यासाठीं एका पत्राचा मसुदा तयार केला होता. त्यांत वाहून नेतां येतील असे पूल, खंदकांतील पाणी काढण्याची युक्ति, तोफा, भुयारें, झांकलेले रणगाडे अशी आपल्या करामतींची यादी क्रमानें दिली आहे. शिल्प आणि चित्रकला यांचा उल्लेख अगदीं शेवटीं येतो! स्फोर्झांना त्या वेळीं चित्रांपेक्षां युद्धाची चिंता अधिक होती, हें लिहिणाऱ्याला ठाऊक होतें. ती बढाई खरी, पण तींत वाचणाऱ्याच्या गरजेची जाण आहे, आणि एरवींच्या आत्मस्तुतींत नेमकी तीच नसते.

म्हणून आत्मपरिचयाच्या भागांत (तेथें २,६०० अक्षरें लिहितां येतात, पण वाचणाऱ्याच्या नजरेस प्रथम दोन-चार ओळीच पडतात) ‘मेहनती’, ‘उत्साही’, ‘ध्येयवादी’ असलीं विशेषणें भरण्यांत कांहीं हांशील नाहीं. हल्लीं तर हा मजकूर पुष्कळ जण यंत्राकडूनच लिहवून घेतात, आणि मग हजार माणसें एकाच आवाजांत बोलूं लागतात. ‘गुणवत्ता विभागाची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यांतून कांहींच कळत नाहीं. ‘ग्राहकाकडून परत येणारा माल दोन वर्षांत निम्म्यावर आणला’ यांतून मनुष्य दिसतो. मात्र आंकडा असा हवा कीं, मुलाखतींत कोणी त्याचा हिशेब मागितला तर डोळ्याला डोळा भिडवून सांगतां यावा. खोट्या पाटीइतकी महाग वस्तु दुसरी नाहीं. जुन्या सहकाऱ्यांपैकीं कोणी तरी ती वाचणारच.

शिफारशींचेंहि तसेंच. २०१२ पासून एका कळीसरशीं दुसऱ्याच्या कौशल्याला मान डोलावण्याची सोय झाली. तिची किंमत लग्नांतल्या ‘या, बसा’ इतकीच. ज्यानें हाताखालीं काम केलें किंवा ज्याला माल पुरविला, अशा दोघांनीं एखादा प्रसंग सांगून लिहिलेल्या चार ओळी तिच्यापेक्षां फार वजनदार.

पण पाटी चांगली झाली म्हणजे काम संपलें नाहीं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनीं १९७३ सालीं एक चमत्कारिक वाटणारा सिद्धांत मांडला : नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षां विरळ ओळखीच्या माणसांकडून अधिक येते, कारण मित्रांना जें ठाऊक असतें तें आपल्यालाहि ठाऊक असतेंच. लिंक्डइनच्या दोन कोटी सभासदांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत आले, तेव्हां या सिद्धांताला पुष्टि मिळाली, आणि थोडी दुरुस्तीहि : ओळख अगदींच पुसट नको, बेताची विरळ हवी. म्हणजे आपल्या गृहस्थांनीं रोज भेटणाऱ्या शेजाऱ्यांपुढें मन मोकळें करावें, परंतु पत्र लिहावें तें सहा वर्षांत न भेटलेल्या माणसाला.

नोकरी शोधीत असल्याची खूण म्हणून छायाचित्राभोंवतीं हिरवें कडें लावतां येतें. तें लावावें कीं नाहीं याविषयीं मतें निरनिराळीं आहेत. कारखानाच बंद पडला असेल तर त्यांत लाजण्यासारखें काय आहे? नोकरी चालू असलेल्यानें मात्र ही इच्छा फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसेल असा पर्याय निवडावा. तरीहि स्वतःच्या कंपनीला ती मुळींच कळणार नाहीं, अशी हमी संकेतस्थळ देत नाहीं. मूल वा आजारी वडील यांच्यासाठीं ज्यांनीं कांहीं वर्षें घरीं काढलीं, त्यांना तीं वर्षें तशींच सरळ नोंदवितां येतात. २०२२ पासून त्यासाठीं निराळी जागा आहे. जन्मतारीख आणि घरचा पत्ता यांना तेथें काम नाहीं. आणि नोकरी देण्यापूर्वीं कोणी ‘अनामत रक्कम’ मागितली, तर तो मालक नसून चोर आहे असें समजावें. पैसे गेलेच तर वेळ न दवडतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

बदल करण्यास बसण्यापूर्वीं, नोकरीसारख्या बदलांची वर्दी ओळखीच्यांना देणारी सोय बंद करावी. नाहींतर अर्धवट मजकुराची वर्दी ओळखीच्यांकडे जाण्याचा संभव असतो. मग गृहस्थांनीं गॅलरीच्या उजेडांत मुलीकडून साधें छायाचित्र काढवून घ्यावें. टाय नसला तरी चालेल, खांद्यावर दुसऱ्याचा हात मात्र नको. पहिलें पत्र त्यांच्या हाताखालीं शिकाऊ म्हणून आलेल्या आणि आतां नाशिकला असलेल्या मुलाला. त्यांत नोकरी मागूं नये. कारखाना बंद झाला हें एका ओळींत सांगावें, आणि तिकडे गुणवत्तेच्या कामाला सध्यां कशा माणसांची गरज भासते एवढेंच विचारावें. उत्तराला आठ दिवस लागतील, कदाचित् येणारहि नाहीं. तोंवर दुसरें पत्र लिहून होतें. आणि आलें, तर बहुधा असें येईल : ‘सर, इतके दिवस होतां कोठें?’