चौथे ऋण



ज्या वर्गात मी पाढे म्हटले, त्याच्या शेजारच्या या सभागृहात व्याख्याता म्हणून उभे राहताना संकोच वाटतो. ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला पुढे बोलावले ते बहुधा चुकलेले गणित पुन्हा सोडवण्यासाठीच. आजही माझ्याजवळ एक चुकलेले गणित आहे.

आपल्या परंपरेने माणसाच्या माथी जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. मी आठवीत असताना वडील गेले. आई पोळ्या लाटून देण्याची कामे करू लागली. दमून आली तरी देवापाशी दिवा लावल्यावाचून ती पाठ टेकत नसे. एकदा रागाच्या भरात मी विचारले, ''देवाने आपल्याला दिले तरी काय?'' ती शांतपणे म्हणाली, ''उद्या पुन्हा उठायचे बळ दिले. ते कोठून येते ते मला कळत नाही, म्हणून दिवा लावते.'' श्रद्धेची याहून साधी व्याख्या मला पुढे कोणत्याही ग्रंथात सापडली नाही. देवऋण आणि पितृऋण, दोन्ही मला त्या एका दिव्यापाशी कळली.

ऋषिऋण या शाळेचे. ज्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1906 साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, तेथे विद्यादान हा उपकार न मानता कर्तव्य मानणारे शिक्षक निपजावेत, यात नवल नाही. माझी दोन वर्षांची फी सरांनी भरली होती. हे मला त्यांच्या निधनानंतर कळले.

परंतु या यादीत मित्रऋण नाही. असे का, याचा विचार करताना मला याच नगरीत आयुष्याची उमेद घालवलेल्या एका इतिहासकाराची आठवण होते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई 1889 साली महाराजांच्या सेवेत आले. 1904 च्या सुमारास त्यांचा जदुनाथ सरकार या बंगाली इतिहासकाराशी पत्रव्यवहार सुरू झाला. जदुनाथांना औरंगजेबाच्या इतिहासासाठी मराठी साधने हवी होती, तर सरदेसायांना फारसी साधनांचा जाणकार हवा होता. गरजेपोटी जुळलेले हे नाते अर्धशतकाहून अधिक टिकले. जदुनाथ मराठी शिकले आणि कामशेतला सरदेसायांच्या घरी येऊन राहू लागले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड सरदेसायांच्या संपादनाखाली निघाले, त्यामागेही जदुनाथांचा आग्रह होता. पुण्यातील काही विद्वानांना ही निवड रुचली नाही, तरी मैत्रीला तडा गेला नाही. ते एकमेकांचे लिखाण परखडपणे तपासत. सरदेसायांचे दोन्ही मुलगे त्यांच्या आधी गेले, आणि जदुनाथांनाही पुत्रशोक चुकला नाही. घर रिकामे झाले तरी दोघांनी काम आणि पत्रे सोडली नाहीत. 1958 च्या मे महिन्यात जदुनाथ गेले, आणि 1959 च्या नोव्हेंबरात सरदेसाई.

मला वाटते, मित्रऋण यादीत नाही याचे कारण मित्र कधी हिशेब मांडत नाही. मात्र तो हिशेब मांडत नाही म्हणून आपण पोच द्यायचीच नाही, असा अर्थ काढणे ही चूक. नेमकी तीच माझ्या हातून घडली.

आमच्या पोळात शेजारी एक गुजराती कुटुंब होते. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. वडील गेले त्या वर्षी संध्याकाळी तो मला हाक मारी ती अभ्यासाच्या निमित्ताने, आणि त्याची आई दोन ताटे वाढी ती काही न बोलता. आपण जेवायला बोलावले आहे, असे त्या घराने मला कधी जाणवू दिले नाही. पुढे नोकरीने मी दूर गेलो. दर दिवाळीला त्याचे पत्र येई. शेवटच्या पत्राला सविस्तर उत्तर लिहावे, त्या ताटांविषयी एकदा मनापासून लिहावे, म्हणून मी ते बाजूला ठेवले. सविस्तर लिहायला सवड हवी होती. सवड मिळण्यापूर्वी त्याच्या मुलाचे पत्र आले. त्यात वडील गेल्याची बातमी होती, आणि एक ओळ : ''बाबा तुमच्या पत्राची वाट पाहत नव्हते. तुम्ही कामात असाल, असेच म्हणत.''

मित्रहो, त्याने मला क्षमा केली होती, हेच मला सर्वांत जड जाते.

कृतज्ञता मनात असणे पुरेसे नाही. ती वेळेवर पोचावी लागते. देवापुढचा दिवा उद्याही लावता येईल. माणसाचे तसे नाही. आज सभागृहातून घरी जाल तेव्हा ज्याचे नाव या क्षणी तुमच्या मनात आले आहे, त्याला चार ओळी लिहा. सविस्तर नको, चारच. सरांनी मला शिकवले होते की गणित चुकले तर पाटी पुसून पुन्हा मांडावे. माझी पाटी आता पुसता येणार नाही. तुमच्यापैकी पुष्कळांची अजून कोरी आहे.