टिप म्हणजे पगार नव्हे

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आजचा माझा विषय ऐकून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "बारमधल्या बायांचा पगार? त्यांना कुठे पगाराची चिंता, पैसा उडतो तिथे!" राग नाही आला. सात-आठ वर्षांपूर्वी समाजकार्याची पदवी घेऊन वस्तीत कामाला लागले तेव्हा माझाही हाच समज होता. तो मोडला एका वहीने. म्हणून सुरुवात त्या वहीपासून करते.

वही एका बाईची आहे. वय बत्तीस, नवऱ्याने टाकलेली, एक मुलगा. मीरा रोडच्या बाजूच्या एका परमिट रूममध्ये ती कधी टेबलं सांभाळते, कधी काउंटरमागे उभी राहून पेग मापून देते. राहते दहिसरला, चाळीतल्या खोलीत. वही दाखवायला आणि इथे वाचायला तिने स्वतः परवानगी दिली. नाव सांगणार नाही.

महिन्याचा हिशेब असा. खोलीभाडं ५,५००. किराणा, दूध, गॅस मिळून ६,०००. रात्री मुलाला सांभाळणाऱ्या शेजारणीला २,०००. मुलाची फी आणि वह्या-पुस्तकं १,२००. गावी आईला २,०००. कपडे आणि मेकअप १,३००. हा खर्च तिच्या हौसेचा नाही. साडी जुनी दिसली तर मॅनेजर घरी पाठवतो. आणि रिक्षा. बार सुटेपर्यंत दीड वाजतो, त्या वेळी लोकलच्या भरवशावर राहता येत नाही. मध्यरात्रीनंतर रिक्षाचं भाडं पंचवीस टक्क्यांनी जास्त. दोघी मिळून रिक्षा केली तरी तिच्या वाट्याला रात्रीचे ६० रुपये, म्हणजे सव्वीस रात्रींचे १,५६०. सगळं मिळून १९,५६०.

आणि पगार? हातात सहा हजार. रजिस्टरवर सही मात्र जास्त रकमेवर. किती ते तिने कधी वाचलंच नव्हतं, बोट ठेवतील तिथे सही करायची.

वजाबाकी करा. १३,५६० रुपये कमी पडतात. रात्रीला ५२० रुपयांच्या आसपास. म्हणजे रोज संध्याकाळी ती बाई घरातून निघते ती ५२० रुपयांचं कर्ज डोक्यावर घेऊन. ते फेडायचं गिऱ्हाईकाच्या खिशातून, टिपच्या रूपाने. ही टिपसुद्धा तिची एकटीची नाही. ती डब्यात पडते, रात्री वाटप होतं, त्यात मॅनेजरचा हिस्सा आधी निघतो.

आता सांगा, ज्या बाईला आजच्या रात्री ५२० रुपये मिळवायचेच आहेत, तिने टेबलावरच्या माणसाचा हात कसा झटकायचा? लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपण वस्त्यावस्त्यांतून शिकवतो. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देण्याची जबाबदारी त्यात मालकावर टाकली आहे. कायदा चांगला आहे. पण "नाही" म्हणण्याची किंमत ५२० रुपये असेल, तर समितीचा फलक भिंतीवर लावून भागत नाही.

मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "टिप मिळते ना, मग पगार कशाला वाढवायचा?" सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या आयकराच्या खटल्यात नेमका उलटा निर्वाळा दिला. टिप गिऱ्हाईक देतो, मालक देत नाही, म्हणून तिला पगार म्हणता येणार नाही, असं त्या निकालात आहे. खटला कराचा होता, कामगारांच्या हक्काचा नव्हता, हे खरं. पण मुद्दा आपल्याला वापरता येण्याजोगा आहे. कर कापायच्या वेळी टिप पगार नसेल, तर पगार द्यायच्या वेळी ती पगार कशी होते?

अमेरिकेत तर ही चलाखी कायद्यातच लिहून ठेवली आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, बाकीचं टिपमधून भरून निघालं की झालं. हा दर १९९१ पासून बदललेला नाही. काही राज्यांनी आपापले दर वाढवले, पण देशाचा दर तोच. तिथेही टिपवर जगणाऱ्यांत बायाच जास्त.

आपल्याकडे किमान वेतनाचा विचार तरी कसा झाला पाहा. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने निकष ठरवले: माणशी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, जळण-दिवाबत्ती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण यांसाठी पंचवीस टक्क्यांची भर घातली. एवढं सगळं मोजणाऱ्या त्या १९५७ च्या ठरावात आणखी एक वाक्य आहे. कुटुंबातल्या बायका-मुलांची कमाई हिशेबात धरू नये. हेतू चांगला होता, एकाच्या मजुरीत घर चालावं. पण तो "एक" म्हणजे पुरुष, हे कुणाला सांगावंही लागलं नाही. रात्री मूल सांभाळणाऱ्या शेजारणीचे २,००० रुपये त्या निकषांत कुठल्या रकान्यात बसतात? कुठल्याच नाही. कारण तिथे कमावणारा कामावर गेला की मूल सांभाळायला बायको घरी आहेच.

बारमधल्या बाईबद्दल आपल्या देशात कोर्टकचेऱ्या कमी झाल्या नाहीत. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याप्रमाणे दारू प्यायली जाते त्या जागेत बाईला नोकरीच देता येत नसे. दिल्लीत लागू असलेलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये रद्द ठरवलं. बाईचं रक्षण करायचं म्हणून तिची रोजी काढून घेता येणार नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे २००५ साली डान्स बार बंद झाले, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. मग २०१६ चा नवा कायदा, आणि जानेवारी २०१९ चा निकाल. त्या निकालात लेखी करार आणि बँक खात्यात मोबदला या अटी टिकल्या, मात्र नाचणाऱ्या बाईला दरमहा पगारावरच ठेवलं पाहिजे ही सक्ती गेली. नाचणारीला वाटणी परवडत असेल, तो तिचा प्रश्न. पण पेग आणून देणाऱ्या बाईला वाटणी काय कामाची?

या सगळ्या वर्षांत अब्रू, संस्कृती, अश्लीलता यांवर रकाने भरले. आपल्या स्त्री-संघटनांतही मतभेद झाले, काहीजणी बंदीच्या बाजूने, काहीजणी बारबालांबरोबर कोर्टात. आपणही "हे काम असावं की नसावं" यावर रात्री जागवल्या. "किती मिळतात?" हे विचारायला उशीर केला. मी माझ्यासकट म्हणते आहे.

टिपवरचं जगणं किती पोकळ असतं ते २०२० ने दाखवलं. मार्चमध्ये बार बंद झाले ते ५ ऑक्टोबरला उघडले. पगार कागदावरचा, त्यामुळे भरपाई कशाची मागणार? एरवीही ड्राय डे असतातच. निवडणूक आली की मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूबंदी. आपण मतदान जागृतीच्या फेऱ्या काढतो, तेव्हा तिची दोन दिवसांची चूल थंड असते. हे मला तिनेच सुनावलं.

कायद्यात काहीच नाही असं नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ठरावीक संख्येइतके कामगार असतील तिथे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी, आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची. म्हणजे वहीतले ते १,५६० रुपये कायद्याने मालकाचे आहेत! हॉटेल-उपाहारगृहांना किमान वेतन लागू आहे, महागाईप्रमाणे त्यातला विशेष भत्ता बदलतो. ही दोन कलमं घेऊन वस्तीत बसलो तरी पुष्कळ होईल. आधी वह्या लिहून घेऊ या. प्रत्येक गटाने पाच बायांची, एका महिन्याची. आकडे हातात असले की कामगार अधिकाऱ्यासमोर बोलताना जीभ अडखळत नाही.

किमान वेतनाचा सरकारी तक्ता मी त्या बाईला दाखवला. तिने दोनदा वाचला. म्हणाली, "ताई, एवढा लिहिलाय? मग मी सही कशावर करत होते?" तक्रार करू या म्हटलं. ती बराच वेळ वहीची पानं चाळत राहिली आणि मग विचारलं, "तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नाही, तर त्या रात्रीचे ५२० रुपये कोण देईल?"

अजून मी तिला उत्तर दिलेलं नाही. दुपारच्या गटचर्चेत तोच प्रश्न घेऊ या.