पडसे लांबले म्हणजे



तोंड उघडे ठेवून श्वास घेणाऱ्या, पाठ चालू असता पेंगणाऱ्या मुलास मंद ठरविण्यापूर्वी त्याच्या नाकाकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. त्यास ‘शेंबड्या’ म्हणून हिणविणे तर शाळेत मुळीच नको.

नाकाभोवतीच्या हाडांत पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. त्यांतील स्राव बारीक छिद्रांवाटे नाकात उतरतो. पडशाने वा ॲलर्जीने अस्तर सुजले की ही वाट बुजते, स्राव साचतो आणि कधी त्यात जंतू वाढतात. मोठी माणसे कपाळ व गाल दुखल्याचे सांगतात. लहान मुले बहुधा सांगत नाहीत. त्यांचे नाक वाहत राहते, दिवसाही खोकला येतो, तोंडास दुर्गंधी येते. शेंबूड पिवळा झाला एवढ्यावरून घाबरू नये. साध्या पडशातही तो तसा होतो. परंतु १० दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा बरे वाटून पुन्हा ताप आला, तर पालकांना बोलावून मुलास डॉक्टरांकडे पाठवावे. एकाच नाकपुडीतून घाण स्राव येत असल्यास आत खडूचा तुकडा वा चिंचोका अडकलेला असू शकतो. तो आपण काढू पाहू नये. डोळ्याभोवती सूज दिसली तर मात्र शाळा सुटण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.